शाळेंतील विज्ञानकथा आणि संपादकाची कात्री

इ. स. १९६७ च्या जानेवारींत अमेरिकेंतील एका कादंबरींतला दारुडा मनुष्य एकाएकीं आजारी झाला. त्याच कादंबरींत एके ठिकाणीं बेंबींतला मळ काढण्याचा उल्लेख होता. तेथें बेंबी जाऊन कान आला. असे फेरफार त्या पुस्तकांत सुमारें पंचाहत्तर ठिकाणीं झाले. पुस्तकाचा कर्ता तेव्हां हयात होता, धडधाकट होता, आणि नित्यनेमानें लिहीत होता. पण त्याला कोणीं विचारलें नाहीं. वाचकांना तर कळविलेंच नाहीं. ही आवृत्ति खास हायस्कूलच्या विद्यार्थ्यांकरितां काढलेली होती, आणि मूळ मजकूर बदलला आहे असें सांगणारा एकहि शब्द तिच्यांत कोठें छापलेला नव्हता.

तें पुस्तक म्हणजे रे ब्रॅडबरी याची ‘फॅरनहाइट ४५१’ ही विज्ञानकादंबरी. १९५३ सालीं बॅलन्टाइन या प्रकाशनसंस्थेनें ती प्रथम प्रसिद्ध केली. तिची हकीकत थोडक्यांत अशी. पुढील काळांतल्या एका देशांत सर्व घरें अशीं बांधलेलीं आहेत कीं तीं पेट घेत नाहींत. मग आगीच्या बंबावरील लोकांनीं करावें काय? त्यांना पुस्तकें जाळण्याच्या कामावर नेमलें आहे. ज्याच्या घरीं पुस्तक सांपडेल त्याच्या दारांत बंब येऊन उभा राहतो, आणि त्याच्या नळींतून पाण्याऐवजीं रॉकेल उडतें. माँटॅग नांवाचा असाच एक बंबवाला एके दिवशीं जाळावयाचें पुस्तक लपवून घरीं नेतो, आणि त्याच्या आयुष्याची घडी विसकटते. पुस्तकांच्या छळाविषयीं लिहिलेल्या पुस्तकावरच, आणि तेंहि कोंवळ्या मुलांच्या हिताच्या नांवाखालीं, हा प्रसंग यावा याला काय म्हणावें तें श्रोत्यांनीं ठरवावें.

विज्ञानकथा शाळेंत शिकवाव्या कीं नाहीं, यावर एके काळीं पुष्कळ वाद झाले. हें वाङ्मय हलकें, हें आगगाडींत वाचावयाचें, यानें मुलांचीं डोकीं भडकतात, असें वडील माणसें म्हणत. तो वाद आतां बहुतेक संपला आहे. पण त्याच्या पोटांत एक दुसरा प्रश्न होता, तो संपलेला नाहीं. कथा शिकवावयाची तर कोणती शिकवावयाची: लेखकानें लिहिली ती, कीं आम्हीं वडिलांनीं नीटनेटकी केलेली ती? आणि नीटनेटकी केलेली असेल तर तसें मुलांना सांगावयाचें कीं नाहीं? माझें सारें आयुष्य मुलांना धडे देण्यांत गेलें. म्हणून हा प्रश्न मला परका वाटत नाहीं. त्यांत माझाहि थोडा हात गुंतलेला आहे; तें पुढें सांगेन.

या कथेचा आरंभ फ्रान्समध्यें शोधावा लागतो. १८६४ सालीं पॅरिस येथें हेट्झेल नांवाच्या प्रकाशकानें मुलांसाठीं एक पाक्षिक काढलें. शिक्षण आणि मनोरंजन हीं दोन्ही त्याच्या नांवांतच होतीं. ज्यूल व्हर्न हा त्याचा हातखंडा लेखक. भूगोल, पदार्थविज्ञान, ज्योतिष हे विषय शाळेच्या पुस्तकांत मुलांना रुक्ष वाटत. व्हर्नच्या हातीं ते विमानांत, पाणबुडींत आणि चंद्राच्या वाटेवर चढले. म्हणजे विज्ञानकथा ही आरंभापासूनच अर्धी शाळेची लेक आहे. पण शाळेच्या घरीं आली म्हणजे शाळेच्या शिस्तींतहि आली. हेट्झेल हा नुसता छापणारा नव्हता. तो व्हर्नचीं हस्तलिखितें वाचून त्यांत बदल सुचवी, आणि कित्येकदां ते करावयासहि लावी.

‘समुद्राखालीं वीस हजार लीग’ या कादंबरींतला कॅप्टन नेमो आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. व्हर्नच्या मनांत हा नेमो मूळचा पोलंडचा एक सरदार होता, आणि रशियाच्या फौजेनें त्याच्या घरादाराचा नाश केल्यामुळें तो सूडाला पेटलेला होता. १८६३ सालचें पोलंडांतील बंड तेव्हां अगदीं ताजें होतें. पण रशिया नाराज होणें हेट्झेलला परवडणारें नव्हतें. त्यानें हरकत घेतली, पत्रांवर पत्रें झालीं, आणि शेवटीं नेमो हा कोणत्याच देशाचा राहिला नाहीं. त्याच्या नांवाचा अर्थ लॅटिन भाषेंत ‘कोणी नाहीं’ असा होतो. नांव आधीं ठेवलें होतें कीं नाहीं कोण जाणे. पण देश मात्र खरोखरीच काढून घेतला गेला.

पुढें मौज अशी झाली कीं १८७४-७५ सालीं ‘गूढ बेट’ या कादंबरींत व्हर्ननें नेमोला नवा देश दिला, आणि तो देश आपला हिंदुस्थान! नेमो हा बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कर, टिपू सुलतानाचा भाचा, आणि १८५७ च्या उठावांत लढलेला एक पुढारी निघाला. संपादकाच्या एका हरकतीनें पोलंडचा एक वीर गेला आणि आपल्याकडचा एक वीर जगाच्या वाङ्मयांत जन्मला. अशी कात्री कोणाला नको वाटेल? पण थांबा. मरणसमयीं नेमोच्या तोंडीं व्हर्ननें ‘स्वातंत्र्य’ एवढा एकच शब्द घातला होता. हेट्झेलनें त्याच्या जागीं देव आणि देश यांचें नांव घालविलें. आणि किंग्स्टनच्या नांवानें निघालेल्या इंग्रजी भाषांतरांत इंग्रज वाचकांना बोंचेल असा, हिंदुस्थानांतील इंग्रजी राज्याविषयींचा भाग आणखी सौम्य करण्यांत आला. त्या राज्यांत व्हर्न बहुतेकांच्या हातीं पडे तो इंग्रजींतूनच. तेव्हां किंग्स्टनचें पुस्तक हातीं आलेल्या हिंदी विद्यार्थ्याला १८५७ चा हा काल्पनिक योद्धा भेटला, पण त्याचें म्हणणें त्याच्या पुरतें कानीं पडलें नाहीं.

‘वीस हजार लीग’चें जें जुनें इंग्रजी भाषांतर १८७० नंतर सर्वत्र पसरलें, त्याची कथा तर अधिकच चमत्कारिक आहे. मर्सिये नांवाच्या भाषांतरकारानें मूळ ग्रंथाचा पंचमांशाहून अधिक भाग गाळून टाकला होता. शास्त्रीय भाग तर विशेषच गाळला. आणि जो ठेवला त्यांतहि चुका केल्या. मग जवळजवळ शंभर वर्षें इंग्रजी वाचणारे विद्वान म्हणत आले कीं व्हर्नचें शास्त्र कच्चें आहे, त्याचें लिखाण मुलांपुरतेंच आहे. १९६५ च्या सुमारास वॉल्टर जेम्स मिलर या अमेरिकन प्राध्यापकानें फ्रेंच व इंग्रजी पुस्तकें शेजारीं ठेवून पाहिलीं, तेव्हां अपराध कोणाचा तें उघडकीस आलें. शंभर वर्षें! आणि मधल्या काळांत किती मास्तरांनीं तें पुस्तक वर्गांत बक्षीस म्हणून दिलें असेल! आपल्या मराठी मुलांचें नशीब त्या मानानें बरें. त्यांना व्हर्न भेटला तो भा. रा. भागवतांसारख्या रसिक आणि मुलांवर जीव असलेल्या लेखकाच्या हातून.

आतां अमेरिकेकडे वळूं. कारण हायस्कूलच्या वर्गांत विज्ञानकथा पाठ्य म्हणून खरी रुजली ती तेथें. १९४७ पासून रॉबर्ट हाइनलाइन हा लेखक मुलांसाठीं अवकाशप्रवासाच्या कादंबऱ्या लिहूं लागला, आणि त्या शाळांच्या ग्रंथालयांत शिरल्या. तेथेंहि संपादिकाबाई होत्याच. १९४९ सालच्या ‘रेड प्लॅनेट’मध्यें मंगळावरील मुलांच्या हातीं बंदुका आहेत, हें त्यांना रुचलें नाहीं. हाइनलाइननें कुरकुर केली आणि बदल केले. मूळ पाठ छापला गेला १९९२ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं. मात्र येथें एवढें तरी होतें कीं लेखकाला सारें ठाऊक होतें.

१९५७ च्या ४ ऑक्टोबरला रशियानें स्पुटनिक आकाशांत सोडला. आपलीं मुलें शास्त्रांत मागें पडलीं अशी धास्ती अमेरिकेनें घेतली, आणि दुसऱ्याच वर्षीं शिक्षणासाठीं मोठा निधि देणारा कायदा तेथील काँग्रेसनें मंजूर केला. अशा हवेंत विज्ञानकथेला शाळेचें दार उघडणें सोपें झालें. १९७० सालीं रॉबर्ट सिल्व्हरबर्गनें संपादन केलेला सव्वीस कथांचा एक संग्रह निघाला. कथा निवडल्या होत्या विज्ञानकथालेखकांनींच, आपसांत मतें घेऊन. शिकविणाऱ्यांना आयतेंच पाठ्यपुस्तक मिळालें.

पण मला वाटतें, मास्तरांना ह्या कथा आवडल्या त्याचें कारण स्पुटनिक नव्हे. कारण अगदीं साधें आहे. कथा लहान असतात. एका तासांत वाचून होतात आणि उरलेल्या दहा मिनिटांत वर्ग भांडूं लागतो. ज्या धड्यावर मुलें भांडतात तो धडा मास्तरला फुकट मिळालेला असतो.

ब्रॅडबरीचीच १९५४ सालची एक कथा घ्या. शुक्रावर मनुष्यवस्ती झाली आहे. तेथें सतत पाऊस पडतो. सात वर्षांतून एकदांच घटकाभर सूर्य दिसतो. शाळेंतल्या मुलांपैकीं मार्गो नांवाची एकच मुलगी अशी आहे कीं जी पृथ्वीवरून मागाहून आली, आणि जिला सूर्य आठवतो. म्हणूनच बाकीचीं मुलें तिचा दुस्वास करतात. सूर्य निघावयाच्या दिवशीं तीं तिला कपाटांत कोंडून ठेवतात. सूर्य निघतो, मुलें बाहेर धांवतात, उन्हांत लोळतात, आणि पुन्हां पाऊस सुरू झाल्यावर कोणाला तरी एकदम मार्गो आठवते.

ही कथा मीं आठवीच्या वर्गाला मराठींत सांगितली होती. गोष्ट संपतांच एका हुशार मुलानें हात वर केला आणि म्हणाला, “सर, शुक्रावर असें नसतेंच.” तें खरेंच होतें. १९६२ सालीं ‘मॅरिनर २’ हें यान शुक्राजवळून गेलें. १९७० सालीं रशियाचें ‘व्हेनेरा ७’ त्याच्या पृष्ठभागावर उतरलें. तेथें साडेचारशें अंश सेंटिग्रेडहून अधिक उष्णता आहे. शिसें वितळेल, पावसाचें नांव नको. मीं तो आंकडा फळ्यावर लिहिला आणि विचारलें, “मग काय, गोष्ट खोटी समजून सोडून द्यावयाची?” वर्ग गप्प. मागल्या बांकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “कपाट खरें आहे.” त्या तासाला पुढें मला बोलावेंच लागलें नाहीं. त्या वर्गांत एका मुलीला डब्याच्या सुटींत कोणी जवळ बसूं देत नसत, हें मला त्या दिवशीं कळलें.

दुसरी कथा डॅनिएल कीझ याची, ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’. तिचा जन्मच शाळेंत झाला. कीझ हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत हायस्कूलचा इंग्रजीचा मास्तर. मागें पडलेल्या मुलांच्या खास वर्गांतला एक मुलगा त्याला एके दिवशीं म्हणाला कीं मीं खूप मेहनत केली आणि हुशार झालों तर मला साध्या वर्गांत घालाल का? हा प्रश्न कीझच्या मनांतून जाईना. त्यांतून चार्ली गॉर्डनची कथा झाली. चार्ली हा मंदबुद्धि तरुण. त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया होते, तो झपाट्यानें विद्वान होतो, आपल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्याहि पुढें जातो. आणि मग, ज्या उंदरावर हाच प्रयोग आधीं झाला होता तो उंदीर ढासळूं लागतो. चार्लीला स्वतःचें भवितव्य दिसतें, आणि तें तसेंच घडतें. सारी कथा चार्लीच्या रोजनिशींतून सांगितलेली आहे. पहिलीं पानें अशुद्ध, मग हळूहळू शुद्ध, मग प्रौढ, आणि शेवटीं पुन्हां अशुद्ध. जन्मभर ऱ्हस्वदीर्घ सुधारणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचा हात पहिल्या पानावर आपोआप तांबड्या पेन्सिलीकडे गेला. शेवटच्या पानावर तो उचलवेना.

एका मोठ्या मासिकाच्या संपादकानें ही कथा पसंत केली, पण अट घातली: शेवट गोड करा. चार्ली हुशारच राहूं द्या, त्याचें लग्न लावा. कीझला पैशाची गरज होती. तरी त्यानें नकार दिला आणि कथा दुसरीकडे दिली. ती १९५९ च्या एप्रिलांत प्रसिद्ध झाली, आणि पुढच्या वर्षीं तिला ह्यूगो पारितोषिक मिळालें. १९६६ सालीं तिची कादंबरी झाली. तिच्या वेळींहि एका प्रकाशकानें तोच गोड शेवट मागितला, आणि कीझनें तेंच उत्तर दिलें.

आतां माझी गोष्ट. मीं ही कथा नववीच्या वर्गाला सांगितली, आणि ती अर्ध्यावर थांबविली. चार्ली विद्वान झाला, सर्वांनीं त्याचा गौरव केला, येथें मीं पुस्तक मिटलें. कारण सांगतों. त्या वर्गांत एक मुलगा होता. दोनदां नापास झालेला, वाचतांना अडखळणारा, स्वभावानें गरीब. गोष्ट चालू असतां त्याचा चेहरा मीं पाहत होतों. पुढचें सांगण्याचा मला धीर झाला नाहीं. मनाशीं म्हटलें, याला आज एवढेंच पुरे. ज्या संपादकाची अट कीझनें झिडकारली होती, ती मीं न मागतां पुरी केली.

आठ-दहा दिवसांनीं तो मुलगा शाळा सुटल्यावर माझ्याकडे आला. त्याच्या शेजारीं राहणाऱ्या एका कॉलेजच्या विद्यार्थ्याजवळ तें इंग्रजी पुस्तक होतें. त्यानें याला सगळी कथा सांगितली होती. मुलगा रागावलेला नव्हता. तो म्हणाला, “सर, त्या गोष्टीला पुढें आणखी आहे. मला वाटलें, तुम्हांला ठाऊक नसेल, म्हणून सांगायला आलों.” आणि त्यानें मला शेवट सांगितला; अडखळत, पण एकहि गोष्ट न सोडतां. चार्ली शेवटीं त्या मेलेल्या उंदराच्या थडग्यावर फुलें ठेवावयाला सांगतो, हें सांगतांना तो जरा थांबला. मला सारें ठाऊक होतें, असें मी त्याला सांगूं शकलों नाहीं. अजूनहि सांगितलेलें नाहीं. आज या ध्वनिक्षेपकापुढें सांगत आहें.

कात्रीचे प्रकार दोन. एक गाजावाजा करून चालणारी. अमेरिकेंत नॉर्थ डाकोटा संस्थानांत ड्रेक नांवाचें लहानसें गांव आहे. तेथल्या हायस्कुलांत एका तरुण इंग्रजी शिक्षकानें १९७३ सालीं कर्ट व्हॉनेगट याची ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ ही कादंबरी लावली. १९४५ सालीं ड्रेस्डेन शहरावर जे बाँब पडले, त्या वेळीं व्हॉनेगट तेथें युद्धकैदी होता. तो अनुभव त्यानें काळांत मागें-पुढें भटकणाऱ्या एका मनुष्याच्या कथेंत गुंफला आहे. भाषा शिपायांची, म्हणजे शिव्यागाळीची. शालेय मंडळानें पुस्तक अश्लील ठरविलें आणि त्याच्या बत्तीस प्रती शाळेच्याच भट्टींत जाळल्या. व्हॉनेगटनें मंडळाच्या अध्यक्षाला पत्र लिहिलें. त्यांत त्यानें म्हटलें कीं आपण लेखक खरीखुरी हाडामांसाची माणसें असतों, आणि तुमच्या कृत्यानें मला दुःख झालें आहे. शिक्षकाला पुढच्या वर्षीं नेमणूक मिळाली नाहीं. हें सारें लाजिरवाणें खरें. पण तें सर्वांना दिसलें. वर्तमानपत्रांत आलें, लोक भांडले, आणि पुस्तकाचा खप वाढला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाहीं. न्यूयॉर्कजवळच्या आयलंड ट्रीज येथें हेंच पुस्तक इतर पुस्तकांबरोबर शाळेच्या ग्रंथालयांतून काढलें, तेव्हां विद्यार्थ्यांनींच दावा लावला, आणि १९८२ सालीं तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन विद्यार्थ्यांच्या बाजूनें लागला. न्यायाधीशांचीं मतें फार विभागलेलीं होतीं. पण केवळ विचार आवडत नाहींत म्हणून ग्रंथालयांतील पुस्तकें काढतां येणार नाहींत, असें त्यांतील प्रमुख मत होतें.

दुसरी कात्री मुक्याची. तिचा आवाज नाहीं, धूर नाहीं, राख नाहीं. ‘फॅरनहाइट ४५१’ची शाळकरी आवृत्ति निघाली तेव्हां मोठ्यांसाठींची जुनी आवृत्तिहि बाजारांत चालूच होती. १९७३ पासून मात्र त्या संस्थेनें कापलेला पाठच सर्वांसाठीं छापण्यास सुरुवात केली. म्हणजे मुलांसाठीं म्हणून जें केलें, तें हळूच मोठ्यांच्याहि पदरांत पडलें. सहा वर्षें अमेरिकेंत नवें कागदी बांधणीचें ‘फॅरनहाइट’ विकत घेणाऱ्या कोणालाहि मूळ पुस्तक मिळत नव्हतें, आणि मिळत नाहीं हें ठाऊकहि नव्हतें. ड्रेक गांवांत बत्तीस प्रती जळल्या त्या सालीं हें झालें. तिकडे आरडाओरडा चालला होता, इकडे सगळें शांत होतें.

त्या कादंबरींतच बंबवाल्यांचा नायक बीटी माँटॅगला समजावून सांगतो कीं पुस्तकें सरकारनें हुकूम काढून प्रथम बंद केलीं नाहींत. आधीं तीं लहान केलीं. मोठमोठे ग्रंथ पंधरा मिनिटांच्या रेडिओ कार्यक्रमांत बसविले, मग दोन मिनिटांच्या रकान्यांत, मग कोशांतल्या दहा ओळींत. आणि ज्याला ज्याला जें जें टोंचलें तें तें उपटून टाकलें. (पंधरा मिनिटांच्या रेडिओ कार्यक्रमाचा उल्लेख मीं मुद्दाम गाळला नाहीं, हें श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल.) संपादकांनीं हीं पानें डोळ्यांखालून घातलीं असणारच. तरी शेजारच्या पानावरची त्यांची पेन्सिल थांबली नाहीं.

हें उघडकीस आलें तें १९७९ सालीं. ब्रॅडबरीनें स्वतःच लिहून ठेवलें आहे कीं हा प्रकार त्याला पत्रें लिहून कळविला तो विद्यार्थ्यांनीं. समीक्षकांनीं नव्हे, प्राध्यापकांनीं नव्हे. हें माझ्या व्यवसायबंधूंनीं टिपून ठेवण्यासारखें आहे. घरच्या कपाटांतली जुनी प्रत आणि शाळेची नवी प्रत जेथें जेथें एकत्र आल्या असतील, तेथें तेथें गुपित फुटण्याचा संभव होता. ब्रॅडबरीनें संस्थेकडे मूळ पाठाची मागणी केली. ज्युडी-लिन डेल रे या संपादिकेनें सबंध पुस्तक नव्यानें जुळवून १९८० सालीं पूर्ववत् छापविलें. त्याला ब्रॅडबरीनें एक तिखट उपसंहार जोडला. त्यांत त्याच्या दुसऱ्याहि एका कथेची हकीकत आहे. ‘द फॉग हॉर्न’ ही त्याची दीपगृहाची कथा एका शालेय वाचनमालेला हवी होती. कथेंत दीपगृहाच्या प्रकाशाला ईश्वरी प्रकाश म्हटलें होतें. संपादकांनीं ईश्वर तेवढा काढला होता. दारू काढली, बेंबी काढली, तेथें ईश्वराचीहि गय झाली नाहीं.

श्रोत्यांपैकीं कोणी विचारतील, मग पाठ्यपुस्तकांत सारेंच्या सारें छापावयाचें काय? चाळीस पानांची कथा आठ पानांत बसवावीच लागते, आणि कांहीं गोष्टी बारा वर्षांच्या मुलापुढें न ठेवणें हेंच शहाणपणाचें असतें. मला हें कबूल आहे. मीं स्वतः कित्येक उतारे लहान करून वर्गांत वाचले आहेत, आणि पुन्हां वेळ आली तर वाचीन. संक्षेप हा गुन्हा नव्हे. पण बाजारांत वजनांत कमी भरलेला माल पुरा म्हणून विकला तर त्याला आपण जें नांव देतों, तें येथें द्यावयाला आपण कां कचरावें?

आपल्याकडचें एक चांगलें उदाहरण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या २००६ सालीं निघालेल्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत विज्ञानकथांना मानाची जागा मिळाली. नववीच्या ‘बीहाइव्ह’ या पुस्तकाचा पहिलाच धडा आयझॅक अॅसिमॉव्हची ‘द फन दे हॅड’ ही कथा होती. १९५१ सालीं मुलांच्या वृत्तपत्रीय पानासाठीं लिहिलेल्या या चिमुकल्या कथेंत बाविसाव्या शतकांतली मुलगी घरांतच यंत्रासमोर बसून शिकते, आणि पूर्वीं मुलें एकत्र जमून शाळेंत जात हें ऐकून तिला त्यांचा हेवा वाटतो. २०२० सालीं साथीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां हा धडा कित्येक मुलांनीं घरीं यंत्रासमोर बसूनच वाचला असेल. अॅसिमॉव्हचा अंदाज एकशें सदतीस वर्षांनीं चुकला म्हणावयाचा.

पण मला सांगावयाचें आहे तें अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पुस्तकाविषयीं. त्यांत आपल्या जयंत नारळीकरांची ‘द अॅडव्हेंचर’ ही कथा घेतली होती. मराठी वाचक तिला गंगाधरपंतांच्या पानिपताची कथा म्हणून ओळखतात. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यांत निवर्तले. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनीं आपल्या नांवाचीं आद्याक्षरें उलटीं करून ना. वि. जगताप या नांवानें कथा पाठविली होती, म्हणजे कथा कथेच्या गुणावर जावी, शास्त्रज्ञाच्या नांवावर नव्हे. त्या माणसाची कथा पाठ्यपुस्तकांत घेतांना ती लहान करावी लागली. पण धड्याबरोबर सूचना छापली होती: हा पाठ रूपांतरित आहे, मूळ कथा परिषदेच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळेल. एवढीशी ओळ! १९६७ सालीं अमेरिकेंत ती कोणाला सुचली असती तर ब्रॅडबरीला उपसंहार लिहावा लागला नसता.

योगायोग असा कीं ती कथाहि दोन पाठांचीच आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानें अशा एका जगांत जाऊन पडतात कीं जेथें १७६१ सालीं पानिपतावर मराठ्यांचा विजय झाला आहे. तेथल्या ग्रंथालयांत ते भाऊसाहेबांची बखर वाचतात, आणि पुस्तक चुकून त्यांच्या खिशांत राहतें. आझाद मैदानावरच्या गोंधळांत तें हरवतें. परत या जगांत येतांना त्यांच्याजवळ एकच फाटकें पान उरतें. मित्र राजेंद्र देशपांडे यांचा विश्वास बसत नाहीं. तेव्हां गंगाधरपंत तें पान आणि आपल्या घरची बखर त्यांच्यापुढें ठेवतात. एकींत विश्वासरावांना गोळी चाटून गेली आहे. दुसरींत ती लागली आहे. बाकीचा मजकूर जवळजवळ सारखाच.

माझा एक जुना विद्यार्थी आतां स्वतः इंग्रजीचा शिक्षक आहे. त्यानें खटपट करून ‘फॅरनहाइट’ची १९७० नंतरच्या दशकांतली एक कापलेली प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून मिळविली; पुरी प्रत त्याच्याजवळ होतीच. दोहोंपैकीं वर्गाला आधीं कोणती द्यावी, असें त्यानें मला पत्रानें विचारलें. मीं उत्तर लिहिलें कीं आधीं कापलेली द्या, आणि कांहीं सांगूं नका. आठ दिवसांनीं दुसरी द्या, आणि बेंबी कोठें गेली तें त्यांना शोधूं द्या.